परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? एजंटला आधी व्हिसाचं नाव विचारा

उत्तर आधीच देऊन टाकते. परदेशातल्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी लावून देण्याबद्दल शिक्षकाने एजंटला पैसे द्यायचे नसतात. शिक्षक शाळेला हवा असतो, म्हणून एजंटचं कमिशन शाळा देते. या धंद्याची सर्वसाधारण रीत हीच आहे. तिला काही अपवाद आहेत आणि आपल्या कायद्यात एका ठरावीक रकमेपर्यंत मुभाही आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण कोणी दीड-दोन लाख मागत असेल, तर त्याच्याकडे बहुधा नोकरी नसतेच. तुमच्या वतीने टुरिस्ट व्हिसाचा फॉर्म भरण्यापलीकडे तो फारसं काही करत नाही.

मी गोव्यातल्या फोंड्याची. इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, मग थायलंडमध्ये, त्यानंतर मस्कतला. आता घरी परतले आहे. माझे जुने विद्यार्थी किंवा त्यांचे आईवडील संध्याकाळी कागद घेऊन येतात. कोणी डिचोलीहून, कोणी साखळीहून. पेडण्याची एक मुलगी कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवते. मागच्या वर्षी एक आई म्हणाली, "टीचर, पयशे भरले की व्हिजा येता म्हणटा तो." कसला व्हिसा, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि मुलालाही. एजंटने ते सांगितलंच नव्हतं, आणि विचारायला हवं असं या दोघांना कोणी शिकवलं नव्हतं. हा लेख त्यासाठीच.

एम.ए., बी.एड. झालेली मुलं आपल्याकडे लेक्चर बेसिसवर नाही तर कंत्राटावर वर्षं काढतात. जूनमध्ये ऑर्डर, वर्ष संपलं की घरी, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. अशा मुलांनी बाहेर बघणं मला अगदी रास्त वाटतं. त्यासाठी घरच्यांनी सोनं गहाण टाकलं की मात्र जीव तुटतो. गोव्यात बोटीवर जायचं तर एजंट आणि कुवेतला जायचं तर एजंट, ही पिढ्यांची सवय, त्यामुळे मागितलेली रक्कम कोणाला खटकत नाही. खरं तर बोटीवरच्या नोकरीतही २००६ च्या सागरी कामगार कराराने खलाशाकडून भरतीचे पैसे घ्यायला मनाई केली आहे, आणि भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला आहे. शिक्षकांच्या बाबतीत तर पैसे मागायला याहूनही कमी कारण आहे.

आपला कायदा काय सांगतो

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३ च्या 'एमिग्रेशन' कायद्याखाली (म्हणजे देशाबाहेर जाण्याबद्दलच्या कायद्याखाली) परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो. म्हणजे ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती देणं त्याला बंधनकारक आहे. याच्या वर एक रुपया मागितला, मग त्याला 'प्रोसेसिंग' म्हणा, 'फाइल चार्ज' म्हणा की 'शाळेचं डिपॉझिट' म्हणा, तर तो कायद्याबाहेर गेला.

नोंदणी तपासायला कोणाच्या ओळखीची गरज नाही. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. परवाना चालू आहे, संपला आहे की निलंबित आहे, तेही तिथे कळतं. नोंदणी नसलेल्या, तक्रारी आलेल्या एजंटांची वेगळी यादीही तिथेच असते. नाव घाला, पत्ता ताडून पाहा. पत्ता ताडणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडे खेळ तिथेच होतो. म्हापशात किंवा मडगावात एका खोलीत बसलेला माणूस सांगतो, "आमचं लायसन मुंबईच्या हेड ऑफिसचं आहे." परवाना नोंदलेल्या कार्यालयापुरता आणि मंजुरी मिळालेल्या शाखांपुरताच असतो. सब-एजंट नावाचा कोणी कायद्याला माहीत नाही. मुंबईचं ऑफिस खरं असेल, तर तिथे फोन करून "गोव्यात तुमची मंजूर शाखा आहे का?" एवढं विचारा. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला पालिकेचा ट्रेड परवाना किंवा जीएसटी प्रमाणपत्र म्हणजे भरतीचा परवाना नव्हे. विद्यार्थ्यांना परदेशी कॉलेजात पाठवणारे कन्सल्टंटही हल्ली शिक्षकांच्या नोकऱ्यांच्या पाट्या लावतात. त्यांच्याकडेही हा परवाना आहे का ते पाहाच.

इथे शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. दहावी आणि त्यापुढे शिकलेल्यांचा पासपोर्ट 'ईसीएनआर' असतो, म्हणजे त्यांना देश सोडताना सरकारची मंजुरी लागत नाही. कमी शिकलेला कामगार सौदी, ओमान, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत कामाला निघाला, तर त्याचा करार 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या नजरेखालून जातो. पदवीधर शिक्षकाचा जात नाही. म्हणजे सरकारने गवंड्याचा करार वाचलेला असतो आणि शिक्षिकेचा कोणीच वाचलेला नसतो. तो तुम्हालाच वाचायचा आहे.

पगाराआधी व्हिसा

एजंट पहिल्या भेटीत पगार सांगतो, राहायची सोय सांगतो, समुद्रकिनाऱ्याचे फोटो दाखवतो. तुम्ही मात्र विचारायचं, "मी विमानात बसेन तेव्हा माझ्या पासपोर्टवर कोणत्या प्रकारचा व्हिसा असेल, आणि त्याचा अर्ज कोणत्या संस्थेच्या नावावर होईल?" हे लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल. खरी नोकरी असलेला माणूस दोन मिनिटांत उत्तर देतो. "आधी जाऊन पोहोचा, तिथे कन्व्हर्ट होतं" हे उत्तर आलं, तर पैशांचं बोलणं तिथेच थांबवा.

हा प्रश्न आधी का, ते देशवार पाहिलं की कळतं. पासपोर्टवरच कितीतरी दारं बंद होतात, आणि बंद दारासाठीही पैसे घेणारे असतात.

दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा ई-२. तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यात १ जानेवारी २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक भागीदारी करारात भारतीय सहायक शिक्षकांसाठी एक तरतूद आहे, आणि काही एजंट तोच कागद पुढे करतात. पण ती सार्वजनिक शाळांतल्या सहायक शिक्षकांबद्दल आहे. ज्या खाजगी शिकवण्या कोरियात गल्लोगल्ली चालतात, त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. खाजगी अकादमीत लावून देतो म्हणून भारतीय पासपोर्टवर पैसे मागणाऱ्याला सरळ नमस्कार करावा.

इथे गोव्याचा एक खास मुद्दा येतो. आपल्याकडे कितीतरी घरांत लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असतो, आणि एजंट म्हणतो, "युरोपियन पासपोर्ट आहे ना, मग काम झालंच." त्या पासपोर्टाने युरोपीय संघात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क खराच मिळतो. कोरियाच्या सात देशांत मात्र पोर्तुगाल नाही. इंग्रजी जिथली मातृभाषा त्या देशाचा नागरिक हवा, असं जिथे जिथे लिहिलेलं असतं, तिथे पोर्तुगीज पासपोर्ट आणि भारतीय पासपोर्ट एकाच रांगेत.

चीनमध्ये कामाचा व्हिसा 'झेड'. इंग्रजी शिकवण्याच्या परवान्यासाठी तिथले अधिकारी सहसा इंग्रजीभाषक देशाचा पासपोर्ट मागतात, शिवाय पदवी, अनुभव आणि पोलिसांचा दाखला. ते जमत नाही म्हणून एजंट व्यापाराच्या 'एम' व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर पाठवतात. तिथल्या कायद्यात बेकायदा नोकरीला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडीही. पकडलं जातं शिक्षकाला. गोव्यात बसलेल्या एजंटला त्याची झळ लागत नाही. शिवाय २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, तेव्हा कितीतरी इंग्रजीचे क्लास बंद पडले. त्याआधीच्या पगारांचे आकडे आजही जाहिरातींत फिरताना दिसतात.

जपानमध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेल्या शिक्षकाकडून साधारणपणे १२ वर्षं इंग्रजी माध्यमातून शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. आपल्याकडची मुलं पहिली ते चौथी मराठीत किंवा कोकणीत आणि पाचवीपासून इंग्रजीत, अशी शिकलेली असतात. पाचवी ते बारावी आठ वर्षं, बी.ए.ची तीन धरली तर अकरा. एम.ए. केलं असेल तर बारा ओलांडतात. तुमचा हिशेब बसतो का, ते नेमणूक करणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या, एजंटच्या तोंडावर विसंबू नका. शाळेकडून आणि कॉलेजकडून माध्यमाचा दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.

थायलंडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ती वाट मी चाललेली आहे, आणि भारतीय शिक्षकांना तिथे खरोखर काम मिळतं. कायदेशीर रस्ता असा: शाळा तुमची निवड करते, तिथल्या कामगार खात्याचं आणि शिक्षण खात्याचं पत्र पाठवते, त्यावर तुम्ही 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा घेता, तिथे गेल्यावर वर्क परमिट निघतं. २०२५ च्या जानेवारीपासून हा व्हिसाही ऑनलाइन अर्जाने होतो. त्याशिवाय शिक्षकाचा परवाना लागतो. तो थाई शिक्षक परिषदेकडून, म्हणजे खुरुसपाकडून मिळतो. परवाना नसेल तर शाळाच ठरावीक मुदतीची सवलत मागून घेते. आपल्याकडून पदवी, पोलिसांचा दाखला आणि बहुतेक ठिकाणी टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागतात. ६०० गुण ही अट जाहिरातींत नेहमी दिसते. बी.एड. असेल तर परवान्याचं काम पुष्कळ सोपं होतं, म्हणून आपल्या बी.एड.वाल्यांनी स्वतःला कमी लेखू नये.

थायलंडमध्ये एजन्सी पैसे वेगळ्या तऱ्हेने काढते. तुम्ही तिला सुरुवातीला काही देत नाही. शाळा एजन्सीला दरमहा एक रक्कम देते आणि एजन्सी त्यातला आपला वाटा काढून उरलेला पगार तुम्हाला देते. हे चालतं, बेकायदा नाही. पण मग करारात नियोक्ता म्हणून एजन्सीचं नाव असतं, आणि पगार दहा किंवा अकरा महिन्यांचाच धरलेला असतो. तिथलं शालेय वर्ष मे महिन्याच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, मध्ये ऑक्टोबरची सुट्टी. त्या सुट्ट्यांत पगार मिळणार का, हे करारात नसेल तर मिळणार नाही असं धरून चाला. मी पाहिलेल्या करारांत भारतीय आणि फिलिपिनो शिक्षकांना महिन्याला साधारण २० ते ३० हजार बात (थाई चलन) दिसले, बँकॉकच्या चांगल्या शाळेत त्याहून जास्त. कोणी भारतीय नवशिक्याला ६० हजार बात सांगून वर दोन लाख रुपये मागत असेल, तर दोन्ही आकड्यांवर शंका घ्या.

टुरिस्ट म्हणून जाऊन तिथे शिकवायला लागणं हा गुन्हा आहे, मग एजंट त्याला काहीही नाव देवो. आणि यात धोका दंडापुरता राहिलेला नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा काढला होता: थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. कंबोडिया आणि लाओसबद्दलही असे इशारे निघालेले आहेत. त्या जाहिराती बहुतेक संगणकाच्या आणि मार्केटिंगच्या कामाच्या होत्या. पण विमानतळावर "गाडी न्यायला येईल" एवढंच सांगितलेलं असेल आणि शाळेचं नाव-पत्ता नसेल, तर इंग्रजी शिकवण्याच्या जाहिरातीलाही मी तीच भीती लावते.

व्हिएतनाममध्येही वर्क परमिटचा अर्ज मालकच करतो, आणि पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र व पोलिसांचा दाखला रीतसर साक्षांकित करून लागतात. ९० दिवसांचा ई-व्हिसा सहज मिळतो, म्हणून एजंट त्यावरच माणसं पाठवून मोकळे होतात. तो कामाचा व्हिसा नव्हे.

आखाताची गोष्ट निराळी. तिथे आपल्या माणसांना खऱ्या नोकऱ्या आहेत, विशेषतः भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत, आणि तिथे बी.एड.ला मान आहे. या शाळा आपल्या संकेतस्थळावर थेट जागा जाहीर करतात, मुलाखत ऑनलाइन घेतात. मला मस्कतची नोकरी अशीच, मध्ये कोणी नसताना मिळाली. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगारावर टाकायला स्पष्ट मनाई आहे, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष. म्हणजे दुबईच्या शाळेचा 'व्हिसा खर्च' म्हणून तुमच्याकडे पैसे मागितले, तर शाळेला कळवा. शाळा खरी असेल तर ती हादरेल, आणि खोटी असेल तर कोणी उत्तर देणार नाही. तिथल्या मंत्रालयाचं ऑफर लेटर ठरावीक नमुन्याचं असतं आणि नंतरचा करार त्याच अटींचा असावा लागतो. व्हिजिट व्हिसावर जाऊन शाळेत उभं राहणं तिथेही बेकायदा.

इंग्लंडबद्दल हल्ली फार विचारणा होते, कारण २०२३ पासून भारतीय शिक्षकांना तिथल्या 'क्यूटीएस' या शिक्षकाच्या पात्रतेसाठी अर्ज करता येतो. पण आपल्यासाठी ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांपुरती आहे, इंग्रजीच्या शिक्षकांसाठी नाही. त्या अर्जाला शुल्कही नाही. ब्रिटनच्या १९७३ च्या कायद्याने नोकरी शोधून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं बेकायदा आहे. 'स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट' म्हणून लाखो रुपये मागणारा फोन आला, तर हे एवढं सांगून ठेवून द्या.

एजंटची आणि शाळेची तपासणी

शाळेचं नाव एजंट "करार झाल्यावर" सांगतो असं म्हणाला, तर थांबा. थेट शाळेशी बोलून आपल्याला टाळतील, ही भीती काही प्रामाणिक एजंटांनाही असते, ते मी समजू शकते. पण मुलाखत शाळेतल्या माणसाने घेतल्याशिवाय आणि शाळेचं नाव कळल्याशिवाय कोणताही पैसा किंवा मूळ कागद हलता कामा नये.

नाव कळलं की शाळेचा फोन नंबर स्वतः शोधा, एजंटने दिलेला नको. तिथे फोन करून विचारा, ही जागा खरंच आहे का आणि अमुक एजंट तुमच्यासाठी काम करतो का. ऑफर लेटर जीमेलच्या पत्त्यावरून आलं असेल, तर शाळेच्या अधिकृत ईमेलवरून पुन्हा मागवा. शाळेत आत्ता शिकवणाऱ्या एखाद्या भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाशी बोलायला मागा. मी हे प्रत्येकाला करायला लावते, आणि मुलं लाजतात. लाजू नका. चांगली शाळा स्वतःहून नंबर देते, आणि त्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून पगार वेळेवर होतो का, हे कोणत्याही करारापेक्षा जास्त कळतं.

कोणते पैसे खरोखर तुमचे

सगळा खर्च फुकट होतो असं नाही. पासपोर्ट तुमचा. पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेतून ५०० रुपयांत मिळतो, पणजीच्या केंद्रात अपॉइंटमेंट घेऊन. पदवीवर आधी राज्य सरकारचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन लागतं. अपोस्टिलची (अनेक देशांत ग्राह्य धरल्या जाणाऱ्या साक्षांकनाच्या शिक्क्याची) सरकारी फी प्रत्येक कागदाला ५० रुपये, वर कागद जमा करून घेणाऱ्या अधिकृत संस्थेचं शुल्क. अमिरातीसारखा देश अपोस्टिल मानत नाही, तिथे वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. या कामासाठी धावपळ करणाऱ्याला मेहनताना देणं गैर नाही. पण तो नोकरी लावून देण्याच्या पैशांत मिसळू देऊ नका. "सगळं मिळून पॅकेज" म्हटलं की एकेका कागदाचा दर वेगळा लिहून मागा. पन्नास रुपयांच्या अपोस्टिलचे आठ हजार लावलेले मी पाहिले आहेत.

प्रमाणपत्राच्या कोर्सबद्दलही असंच. एजंट पुष्कळदा स्वतःचाच १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल (परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स गळ्यात मारतो आणि त्यातून पैसे काढतो, आणि नोकरीची हमी कोर्सला जोडून देतो. केम्ब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटीचा सर्टटेसॉल यांत सहा तास खऱ्या वर्गासमोर, परीक्षकांच्या देखत शिकवावं लागतं, म्हणून शाळा त्यांना किंमत देतात. सेल्टाला लाखाच्या वर खर्च येतो. बी.एड. असलेल्याने आखातासाठी तो करण्याची गरज मला वाटत नाही. थायलंड-व्हिएतनामसाठी साधा ऑनलाइन कोर्स पुरतो, पण तो तुम्ही स्वतः निवडा, आणि मानांकन देणारी संस्था कोर्सवाल्यानेच उभी केलेली नाही ना, ते पाहा.

तरीही पैसे द्यायचे ठरलं तर

एजंट नोंदणीकृत आहे, जागा खरी आहे, शाळेने दुजोरा दिला आहे आणि रक्कम मर्यादेत आहे, अशा वेळी मी कोणाला अडवत नाही. पैसे परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याच कंपनीच्या बँक खात्यात जातील, कोणाच्या खाजगी यूपीआयवर नाहीत आणि रोख तर अजिबात नाहीत. पावतीवर परवाना क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि "सेवाशुल्क" हा शब्द असावा. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. कामाचा व्हिसा हातात पडल्यावर मोठा भाग, असं ठरवा. व्हिसा नाकारला गेला तर किती दिवसांत किती परत, हे त्याच कागदावर लिहून घ्या. मूळ पासपोर्ट फक्त व्हिसासाठी, तोही पोच घेऊन. मूळ पदवी आणि गुणपत्रिका एजंटकडे ठेवायच्या नाहीत. करार मोडला तर इतके लाख देईन अशी हमी किंवा सही केलेला कोरा चेक मागितला, तर उठून या.

करारात मी पहिल्यांदा पाहते ते नियोक्त्याचं नाव. व्हिसावरचं आणि करारावरचं नाव एकच हवं. मग आठवड्याचे तास: प्रत्यक्ष शिकवण्याचे किती आणि शाळेत बसायचे किती, हे वेगळं लिहिलेलं असावं, कारण "२० तास" म्हणून नेतात आणि रोज सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत थांबवतात. त्यानंतर सुट्टीतला पगार, घरभाडं कोणाचं, तिकीट कोणाचं, आजारपणाचा विमा, आणि मध्येच सोडून गेलात तर काय कापणार. पासपोर्ट शाळा ठेवून घेईल असं वाक्य असेल तर ते खोडायला लावा. आखातातल्या बहुतेक देशांच्या कायद्यातही ते मना आहे. करार फक्त थाई किंवा अरबी भाषेत असेल तर इंग्रजी प्रत मागा आणि वादाच्या वेळी कोणती प्रत ग्राह्य, ते विचारा.

पैसे गेलेच असतील तर

लाजेपोटी गप्प बसणारी घरं मी पाहिली आहेत. एजंट ओळखीतला असतो, देवळात भेटतो, म्हणून तक्रार नको म्हणतात. त्याला तेच हवं असतं, आणि तुमच्यानंतर तो शेजारच्या घरी जातो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि परवान्याशिवाय भरती केल्याबद्दल १९८३ चा कायदा वेगळा लागतो, तो तक्रारीत नावानिशी लिहा. व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका, एजंटने "डिलीट कर" म्हटलं तरी. ई-मायग्रेटवर एजंटविरुद्ध तक्रार नोंदवता येते. परराष्ट्र मंत्रालयाचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-३०९० आहे. पणजीतलं राज्य सरकारचं अनिवासी भारतीय व्यवहार कार्यालयही अशा प्रकरणांत पत्रव्यवहार करतं, तिथे सगळ्या कागदांच्या प्रती घेऊन जा. आणि मुलगा किंवा मुलगी आधीच परदेशात अडकली असेल, तर तिथल्या भारतीय वकिलातीला कळवा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार घाला. ती तक्रार घरचे गोव्यातूनही घालू शकतात. पासपोर्टची प्रत, राहण्याचा पत्ता आणि शेवटचं बोलणं कधी झालं, एवढं जवळ असलं तर आजच घालता येईल.